त्रेचाळीस की अठ्ठेचाळीस

मिलिंद, आज शनिवार. सवयीने आंग मो किओ स्टेशनला उतरलो. कॉफीशॉपमध्ये खांबाजवळच्या आपल्या टेबलावर दोन म्हाताऱ्या आंटी लॉटरीची चिठ्ठी भरत बसल्या होत्या. मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. एकीने वर बघून विचारलं, "यू वेटिंग फॉर समवन, आह?" मी "नो, नो" म्हणालो आणि पंख्याखाली जाऊन बसलो. कॉफीवाले अंकल कप ठेवताना म्हणाले, "युवर फ्रेंड लाँग टाइम नेव्हर कम. बिझी, इझ इट?" मी "बिझी" म्हणालो. तू गेलास हे त्या माणसाला सांगायला मला जमलं नाही. सोळा दिवस झाले, आणि अजून मी लोकांना तू कामात आहेस असं सांगत फिरतो आहे.

सिंगापूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तुझ्याविषयी बरंच लिहून आलं. मनमिळाऊ, हसतमुख, सदैव मदतीला तत्पर. वाचून मला हसू आलं. तू मनमिळाऊ कधीपासून झालास? तुझं कोणाशी पटत नव्हतं. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेवरून तू सेक्रेटरीला काय बोलला होतास ते मी विसरलेलो नाही. मदतीला तत्पर होतास हे खरं, पण मदत करताना समोरच्याला एवढा फाडून खायचास की तो पुन्हा मागायला यायचा नाही. मी येत राहिलो. माझ्याकडे दुसरं कोणी नव्हतं, आणि बहुतेक तुझ्याकडेही नव्हतं.

आपली ओळख भांडणातूनच झाली. सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात रविवारी मी उगाच हिंडायचो. जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर घड्याळं, रिमोट, फुटक्या बरण्या, आणि त्यात एक काळपट चामड्याची वस्तू. विकणारा म्हणाला, "कॅमेरा बॅग, गुड लेदर." मी वाकलो, तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एक हात आला आणि त्याने झाकण उलटून आत बघितलं. कॅमेऱ्याची पिशवी नव्हती ती. जर्मन लष्कराच्या पिस्तुलाचं होल्स्टर होतं, पहिल्या महायुद्धातलं. झाकणाच्या आत बनवणाऱ्याचा शिक्का आणि साल, पुसट झालेलं. तो हातवाला माणूस स्वतःशीच पुटपुटला, "अठराचं आहे." मी म्हणालो, "पंधराचं." तू मान वर केलीस. मराठी ऐकल्याचं तुला नवल वाटलं नाही, चुकीचं साल ऐकल्याचा राग आला. "अबे, तो आठ आहे. पाच काहून दिसून राहिला तुला?"

ते होल्स्टर तू घेतलंस. सालाचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. तू त्यावर वाकडा उजेड टाकून बघितलास, मी खडूची पूड चोळून बघितली. शेवटी तू त्याला 'अठराचं' म्हणत राहिलास आणि मी 'पंधराचं'. सुजातावहिनी त्याला 'ते भांडणाचं म्यान' म्हणायच्या.

बाकीच्यांना आपला छंद सांगायचा म्हणजे पंचाईत असायची. जर्मन लष्करी पिस्तुलं ओळखणं आणि जमवणं, असं म्हटलं की ऑफिसातले लोक दोन पावलं मागे सरकायचे. सिंगापूरमध्ये पिस्तूल! इथे झाडलेल्या गोळीचं रिकामं कवच घरात सापडलं तरी पोलीस दार वाजवतील. मग मला समजावून सांगावं लागायचं की आमच्याकडे पिस्तूल सोडून सगळं आहे. होल्स्टरं, सैनिकांना मिळायच्या त्या माहितीपुस्तिका, चामड्याचे पट्टे, आणि हजारो फोटो. तुझ्या घरात बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि तिच्याच खालच्या कपाटात ही म्यानं. वहिनी कुरकुरल्या की तू म्हणायचास, "रिकामी आहेत ना! आतलं सोडून दिलं, म्हणून तर बाहेरचं ठेवलं." आणि वर मला डोळा मारायचास.

खरं पिस्तूल आपण दोघांनी मिळून एकदाच पाहिलं, म्युझियमच्या काचेआड. तिरक्या पकडीचं ल्युगर, लष्करात ज्याला 'पी झिरो एट' म्हणत ते. मांडणाऱ्याने त्याची डावी बाजू समोर ठेवली होती. तपासणीचे मुकुटवाले शिक्के असतात उजवीकडे. तू जमिनीवर गुडघे टेकलेस, मान वाकडी केलीस आणि खालच्या आरशासारख्या फरशीत उजव्या बाजूचं प्रतिबिंब शोधू लागलास. पहारेकरी धावत आला. "अंकल, कॅनॉट लाइ डाउन हिअर!" तू पडल्यापडल्या त्याला म्हणालास, "युवर पिस्टल इज फेसिंग राँग साइड." त्याने आपल्याला बाहेर काढलं. मी शरमेने अर्धा झालो होतो, आणि तू एमआरटीच्या गाडीत पूर्ण वेळ म्हणत होतास, "दोन शिक्के दिसले बे. तिसरा राहिला."

हे बघणं तू बापाकडून घेतलंस. ते नागपूरकडच्या सरकारी शस्त्र कारखान्यात तपासनीस होते. घरी आल्यावर ताट, तांब्या, बिजागरी, सगळ्यांवरचे शिक्के वाचायचे आणि तुला वाचायला लावायचे. कोणी केलं, कधी केलं, कोणी तपासलं. तू म्हणायचास, वस्तू खोटं बोलत नाही, माणूस तिच्यावर घाव घालून तिला खोटं बोलायला लावतो. दिवसभर फॅक्टरीत सूक्ष्मदर्शकाखाली सर्किटं तपासायची आणि शनिवारी माझ्यासमोर बसून शंभर वर्षांपूर्वीच्या लोखंडाचे फोटो तपासायचे. मला तू शिकवलंस म्हणून दिसायला लागलं. नंबर आधी बघू नको, आधी नंबराखालचं लोखंड बघ. तिथे जरा खोलगट वाटलं तर जुना नंबर घासून नवा ठोकलाय. छोट्या भागांचा वाळल्या गवतासारखा पिवळा रंग बघ. फार चकचकीत असेल तर कालचा आहे. मी कॉम्प्युटरवाला माणूस, माझ्या हातात आयुष्यभर काही जड वस्तू आलीच नाही. लोखंडाला वय असतं हे मला तुझ्यामुळे समजलं.

मग ती आपली साईट. जगभरचे हौशी लोक आजोबांच्या माळ्यावर सापडलेल्या पिस्तुलाचे फोटो टाकायचे आणि विचारायचे, हे अस्सल आहे का? दोन-तीन वर्षांत लोक आपलं नाव घेऊन विचारू लागले. 'सिंगापूरच्या त्या दोघांना दाखवा.' ज्यांच्या देशात पिस्तूल हातात धरता येत नाही, त्या दोघांना! आपली पद्धत ठरलेली होती. शनिवारी सकाळी टेबलावर फोटो ठेवायचे. बोलायचं नाही. दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायच्या, कुठलं, कधीचं, अस्सल की नाही, आणि शंका कुठे. मग चिठ्ठ्या बदलायच्या. ज्याचं चुकलं त्याने कॉफी आणायची. बहुतेक वेळा मीच उठायचो. आणि नियम एकच होता, तुझा. टेबलावर हवं तेवढं भांडायचं, साईटवर एकच उत्तर जाणार. तिथे एकमेकांना खोडायचं नाही. "घरचं भांडण गल्लीत न्यायचं नाही, पुणेकर," तू म्हणायचास. मी हो म्हटलं होतं.

आपलं मोठं भांडण जुळण्या न जुळण्यावरून असायचं. हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. त्या पिस्तुलाच्या जवळजवळ प्रत्येक भागावर नंबर ठोकलेला असतो. छोट्या भागांवर शेवटचे दोन आकडे, आणि मुठीत खालून जे गोळ्यांचं मॅगझिन जातं त्याच्या बुडावर पूर्ण नंबर. सगळे जुळले की जमवणारे वेडे होतात. सैनिकाला अशी दोन मॅगझिनं मिळत, दुसऱ्यावर नंबराशेजारी अधिकचं चिन्ह. मॅगझिन मात्र सहसा जुळत नाही, हरवतं, बदलतं. मी म्हणायचो, जुळत नसेल तर वस्तू उणी झाली. तू खवळायचास. "उणी कशी बे? दोन पोरं खंदकात शेजारी झोपली असतील. पहाटे हल्ला झाला. घाईत याचं त्याने घातलं, त्याचं याने. खरं काय ते याच पिस्तुलात आहे. सगळं जुळलेलं पिस्तूल म्हणजे ज्याला कोणी पेटीतून बाहेरच काढलं नाही ते." मी म्हणायचो, हा भावनेचा मामला झाला, ओळखीचा नाही. तू म्हणायचास, तुम्हा पुणेकरांना सगळं आपल्या पेटीत हवं. हा वाद कधी मिटला नाही, आणि मिटावा असं मला वाटतही नव्हतं. शनिवारी बोलायला काहीतरी उरायचं.

शुभांगी आणि आमचा ओंकार पुण्याला परत गेले तेव्हा तू मला काही विचारलं नाहीस. त्याची शाळा, तिच्या आईचं आजारपण, अशी कारणं मी सगळ्यांना सांगत होतो. तुलाही सांगितली. तू ऐकून घेतलीस आणि म्हणालास, "रविवारी काय खातोस?" त्यानंतर किती रविवार तू डबा घेऊन पुंगोलला माझ्याकडे आलास. माझ्या ब्लॉकमध्ये सगळीकडे तरुण जोडपी, लिफ्टमध्ये बाबागाड्या, व्हरांड्यात चिमुकल्या सायकली, आणि त्यात मी एकटा माणूस तीन खोल्यांत. तू आलास की आधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज उघडायचास आणि नागपुरी भाषेत माझा उद्धार करायचास. तुला आभार मानलेले चालायचे नाहीत, म्हणून मी मानले नाहीत. आता मानतो आहे.

असाच एका रविवारी तू तासभर उशिरा आलास. पुंगोलच्या छोट्या एलआरटी गाडीचे दोन फेरे आहेत, पूर्व आणि पश्चिम, आणि गाडी कुठल्या फेऱ्याची ते पाटीवर लिहिलेलं असतं. तू चुकीच्या गाडीत बसलास, पूर्ण फेरा मारून परत आलास, आणि पुन्हा चुकीच्याच गाडीत बसलास. दारात येऊन म्हणालास, "हवा खात फिरून राहिलो होतो." मी तुझी भरपूर थट्टा केली. आठ वर्षं इथे येणारा माणूस.

त्यानंतर टेबलावर तू म्हणू लागलास, "तू वाच ना, मी ऐकतो." मी टॅब्लेटवरचा फोटो मोठा करून एकेक शिक्का वाचायचो आणि तू डोळे मिटून सांगायचास, हे इथलं, हे या सालचं, इथे काहीतरी गडबड आहे, पुन्हा वाच. मला वाटलं होतं, आता हा गुरू झाला, शिष्याकडून सेवा करून घेतो. असं वाटलं होतं, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो.

मिलिंद, मला माहीत होतं.

एका शनिवारी आपण चिठ्ठ्या बदलल्या. तुझ्या चिठ्ठीवर दुसरी ओळ पहिल्या ओळीवरच लिहिलेली होती. अक्षरावर अक्षर चढलेलं, काही वाचता येईना. सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्या माणसाची चिठ्ठी. तू माझ्या चेहऱ्याकडे बघत होतास, म्हणजे माझ्या चेहऱ्याच्या थोडं डावीकडे. मी चिठ्ठी वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, "बरोबर आहे तुझं. आज कॉफी मी आणतो." अंकलच्या काउंटरपर्यंत जाताना मला सगळं लक्षात आलं होतं. तुझी रक्तातली वाढलेली साखर, त्या चुकलेल्या गाड्या, ते 'तू वाच'. परत आलो आणि काही बोललो नाही. आजही मला कळत नाही की तेव्हा तुझी लाज राखायची म्हणून गप्प बसलो, की तू दिसत नसतानाही माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस हे मला सहन होत नव्हतं म्हणून. बहुतेक दोन्ही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी पुण्याला गेलो. शुभांगीशी बोलणं करायला गेलो होतो, ते बोलणं झालं आणि निकाल लागला, ती परत येणार नव्हती. त्या संध्याकाळी ओंकार माझ्याशी इंग्रजीतून, पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होता. मी फोन काढून साईट उघडली. कोणा आजोबांनी आपल्या वडिलांचं पिस्तूल टाकलं होतं. आणि खाली तुझं उत्तर. मी नव्हतो, तेव्हा तू एकट्याने दिलं होतंस. सगळं अस्सल आहे, मॅगझिनसुद्धा जुळतंय, असं फार क्वचित बघायला मिळतं, वडिलांची वस्तू जपून ठेवा. किती आनंदाने लिहिलं होतंस! मी फोटो मोठा केला. पिस्तुलावर शेवटचे आकडे त्रेचाळीस. मॅगझिनच्या बुडावर अठ्ठेचाळीस. तिथे तीन नसून आठ आहे हे कोणालाही दिसलं असतं. म्हणजे डोळे धड असलेल्या कोणालाही.

मला तुला फोन करता आला असता. तू दोन मिनिटांत दुरुस्ती टाकली असतीस. मी तसं केलं नाही. मी तो आकडा लाल रंगाने गोल केला आणि जगापुढे लिहिलं की मॅगझिन जुळत नाही, आणि माझ्या मित्राला नवा चष्मा घ्यायची वेळ झाली आहे. खाली हसरे चेहरे येऊ लागले. आठ वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्या आधी बरोबर होतो. त्या दिवशी मला सगळीकडून नको म्हटलं गेलं होतं आणि कोणीतरी मला बरोबर म्हणावं अशी भूक लागली होती. त्यासाठी मी तुझे डोळे वापरले. तू लिहिलंस, 'थँक यू. करेक्ट.' एवढंच.

परत आल्यावर शनिवारी मी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली. तुझा मेसेज आला, या शनिवारी जमणार नाही. पुढच्या शनिवारीही तोच मेसेज, अक्षरशः तोच, कॉपी केलेला. नऊ शनिवार. आंग मो किओ स्टेशनपासून तुझा ब्लॉक चालत सात मिनिटं. मी दर वेळी कॉफी संपवून उलट दिशेने स्टेशनात जायचो. फोन हातात घेतला की वाटायचं, त्याने का नाही फोन करावा? चूक तर त्याचीच होती ना, आकड्याची? असा ताठा. आणि मनाच्या तळाशी एक आशा होती की तुला वाटत असेल, बिचाऱ्याला माझ्या डोळ्यांचं माहीत नव्हतं, सहज थट्टा केली. तेवढ्यावर आपण कधीतरी पुन्हा बसू, असं मी धरून चाललो होतो. दहाव्या शनिवारच्या आधी, गुरुवारी दुपारी, पाया लेबारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये असताना अन्वीचा फोन आला. तुझी मुलगी एरवी मला फोन करत नाही. "अंकल, पापा कोलॅप्स्ड," ती म्हणाली.

मंडाईच्या दहनगृहात तुला निरोप देताना मी मागे उभा होतो. भन्तेजी वंदना म्हणत होते, वहिनी हात जोडून उभ्या होत्या. फॅक्टरीतले तुझे लोक आले होते. त्यांच्यातला एक मला म्हणाला, यू आर द गन फ्रेंड, ही ऑलवेज टॉक अबाउट यू. मी मान हलवली.

काल वहिनींनी बोलावलं म्हणून घरी गेलो. पुण्यानुमोदनाचा विधी होऊन गेल्यावर घर आवरायला काढलं होतं. अन्वी पुस्तकं खोक्यात भरत होती. वहिनींनी पाणी दिलं आणि तुझ्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत मला बसवलं. मग आत जाऊन मलमलच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवलं. उघडायची गरज नव्हती, वजनावरून समजलं. ते पंधराचं. बरं, अठराचं.

"हे तुम्हीच घ्यायचं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "बाकीचं काय करायचं ते नंतर बघू. हे तुमचं."

"वहिनी, मला नको."

"अंकल, यू टेक लाह," अन्वी आतून म्हणाली. "पापा वुड वाँट."

वहिनी समोर बसल्या. "तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही त्यांच्यासाठी काय केलंत. वर्षभर डोळे जात होते. डॉक्टर सांगून राहिले होते, ऑफिसला कळवा, काम बदलून घ्या. हे ऐकत नव्हते. मी म्हटलं, निदान हेमंत भाऊजींना तरी सांगा. तर म्हणाले, सांगायची गरज नाही, त्याला कळलंय. चिठ्ठी बघितली त्याने माझी, आणि काही न बोलता कॉफी आणायला गेला. तेव्हापासून न विचारता वाचून दाखवतो. असा मित्र मिळत नाही, सुजाता, म्हणाले. रडले होते त्या दिवशी."

मिलिंद, तुला माहीत होतं. मला माहीत आहे हे तुला माहीत होतं. म्हणजे 'नवा चष्मा' तू वाचलास, किंवा अन्वीकडून वाचून घेतलास, तेव्हा तुला नेमकं कळलं की मी काय करतो आहे. माझी ती शेवटची आशा वहिनींनी माझ्यावर माया करता करता काढून घेतली, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मी ते म्यान घेऊन उठू शकलो असतो. घरी नेऊन कपाटात ठेवलं असतं, आणि त्या बाईच्या मनात मी जन्मभर चांगला राहिलो असतो. तिलाही त्याचा आधार झाला असता. खरं सांगतो, मी अर्धा उठलोही होतो. पण ते खोट्या नंबराचं झालं असतं रे, माझ्याकडे. मी बसलो आणि सांगितलं. पुण्याहून लिहिलेलं ते सगळं, लाल गोल, चष्म्याचं वाक्य, हसरे चेहरे. माहीत असून लिहिलं, हेही सांगितलं. नऊ शनिवार सात मिनिटं चाललो नाही, हेही.

आत अन्वीचा खोकी भरण्याचा आवाज थांबला होता.

"तुम्ही पुण्याला गेला होता तेव्हाची ना ही गोष्ट?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि मला म्हणाले, सुजाता, आता बस झालं हे. डोळ्यांना आराम देतो, शनिवारी घरीच राहतो." त्या माझ्याकडे नाही, माझ्या मांडीवरच्या कापडाकडे बघत होत्या. "मला वाटलं, शेवटी ऐकलं माझं. किती महिने मागे लागले होते मी. इतका आनंद झाला मला की मी खीर केली. बुद्धापुढे ठेवली, यांना दिली. दोन वाट्या खाल्ल्या त्यांनी. छान झाली म्हणाले."

मग त्या उठल्या, माझ्या मांडीवरून ते गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, आणि आत नेऊन ठेवलं. परत आल्यावर आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत, भाऊजी. पण आता हे मला तुम्हाला देता नाही यायचं."

दारापर्यंत आल्या, मी चप्पल घालेपर्यंत थांबल्या. 'या' म्हणाल्या नाहीत.

तू घरी एक शब्द बोलला नव्हतास, मिलिंद. नऊ आठवडे मला त्या घरात चांगला ठेवलंस. मी तुझी माफी मागायला गेलो रे, आणि त्या बाईची खीर कडू करून आलो.